दोन तासांनी लागलेला निकाल

मला मोटार चालवता येत नाही आणि त्याचे मला फारसे दुःखही नाही. आमच्या घरात मोटार हा ह्यांचा प्रांत. तिला पाणी केव्हा लागते, तेल केव्हा लागते, ती मधूनच खोकते का, यांत मी कधी लक्ष घातले नाही. मी आपली मागच्या बाकावर बसून उत्तरपत्रिका तपासते. पडेगावला राहायला आल्यापासून मात्र मोटारींशी माझा निदान कानांपुरता संबंध जडला आहे. आमचे घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि हा रस्ता पुढे दौलताबादला व वेरूळला जातो. रविवारची सकाळ झाली, की शहरातली तरुण मंडळी मोटारसायकली पिटाळीत वेरूळकडे निघतात. हजार-बाराशे वर्षे जी लेणी जागची हललेली नाहीत, ती आणखी दहा मिनिटे थांबली नसती का, असा प्रश्न मला दर रविवारी पडतो. पण तो विचारायचा कोणाला? विचारीपर्यंत मंडळी दौलताबादच्या पुढे गेलेली असतात.

अशा बाईने मोटारींच्या शर्यतीतल्या एका अमेरिकन गड्यावर लिहावे, हे खुद्द आमच्या चिरंजिवांनाही पटलेले नाही. वास्तविक याला कारण तेच आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरात एके दिवशी ते जेवता जेवता म्हणाले, "आई, अमेरिकेत नॅस्कारची मोठी शर्यत बबा वॉलेस नावाच्या कृष्णवर्णी चालकाने जिंकली. त्याच्या आधी एकाच कृष्णवर्णी माणसाने ती मोठ्या वर्गातली शर्यत जिंकली होती, आणि तीही १९६३ साली." मी वरण वाढीत होते. सहज हिशेब केला : अठ्ठावन्न वर्षे. "मधल्या काळात कोणी नाही?" मी विचारले. "कोणी नाही. आणि तो जो पहिला होता ना, तो जिंकला हे त्यांनी त्याला सांगितलेच नाही!"

जिंकलेल्या माणसाला जिंकल्याचे सांगितले नाही, हे वाक्य माझ्या मनातून जाईना. मी मराठी शिकवते. शहरात जाताना छावणी ओलांडली, की नागसेनवन लागते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, ते मिलिंद महाविद्यालय तिथले. 'अस्मितादर्श'ही याच गावचे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या कविता आणि आत्मकथने यांची ओळख मराठी वाचकाला करून देण्यात आमच्या मराठवाड्याचा वाटा मोठा आहे, आणि १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' निघाली तेव्हा तिचे नावही तिकडूनच आले. तेव्हा त्या समाजातले कवी मला ठाऊक होते, पुढारी ठाऊक होते, मुष्टियोद्धे व धावपटूही थोडेफार ठाऊक होते. मोटार हाकणारा कोणी ठाऊक नव्हता. म्हणून मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचायला लागले.

त्याचे नाव वेंडेल स्कॉट. जन्म २९ ऑगस्ट १९२१, व्हर्जिनिया प्रांतातल्या डॅनव्हिल गावी. तंबाखूच्या वखारी आणि कापडाच्या गिरण्या यांवर जगणारे हे गाव. वडील दोन सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांकडे मोटारहाके आणि मिस्त्री होते. गाडी दुसऱ्याची, हात आपले, हे वेंडेलने लहानपणापासून पाहिले, आणि गिरणीत किंवा कोणा साहेबाच्या हाताखाली जन्म काढायचा नाही असे ठरवून टाकले. शाळा त्याने अर्ध्यावर सोडली. टॅक्सी हाकली. १९४३ साली मेरी कोल्स या मुलीशी लग्न केले. महायुद्धात सैन्यात नोकरी केली. त्या सैन्यातही काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या. परत आल्यावर गावात मोटारदुरुस्तीचे दुकान टाकले. दिवसा दुकान, आणि रात्री हातभट्टीची दारू वाहून नेण्याचा धंदा!

इथे आपल्यासारख्या मध्यमवर्गीय वाचकाच्या कपाळाला आठी पडणार, हे मी जाणून आहे. माझ्याही पडली होती. पण मोटारींच्या त्या शर्यतींचे कुळ आणि मूळ शोधू गेले, तर ते थेट हातभट्टीपाशीच निघते. दिसायला साधी, पण आतून यंत्र वाढवलेली गाडी घ्यायची, दारूचे डबे भरायचे आणि पोलिसांना तुरी देऊन डोंगरातल्या वाटांनी रात्रीत पलीकडे पोचायचे. मग ज्याची गाडी जास्त पळते त्याची पैज, पैजेतून शर्यत, शर्यतीतून तिकीट, आणि तिकिटातून संस्था. नॅस्कार ही संस्था १९४८ साली रीतसर उभी राहिली, तेव्हा तिच्या कितीतरी नामांकित गोऱ्या चालकांनी आपली विद्या याच शाळेत घेतलेली होती. वेंडेल १९४९ साली एकदा पकडला गेला आणि तीन वर्षांच्या देखरेखीच्या अटीवर सुटला. गंमत पुढेच आहे. डॅनव्हिलच्या शर्यतीला गर्दी कमी होऊ लागली, म्हणून भरवणाऱ्यांनी ठरवले की एखादा काळा चालक मैदानात उतरवावा, म्हणजे लोक बघायला येतील. असा वेगवान काळा चालक गावात कोण? हे विचारायला ते गेले पोलिसांकडे, आणि पोलिसांनी क्षणाचाही विलंब न लावता स्कॉटचे नाव सांगितले. त्याच्या मागे इतक्या रात्री धावल्यावर त्याचा वेग त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार! इतके प्रामाणिक शिफारसपत्र मी तरी दुसरे वाचलेले नाही.

२३ मे १९५२ रोजी तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. गाडी मध्येच बिघडली. पण आपल्याला आयुष्यात काय करायचे आहे, हे त्याला त्या दिवशी कळले. दुसऱ्याच दिवशी गाडी दुरुस्त करून, ओढून तो शेजारच्या प्रांतात विन्स्टन-सेलमला नॅस्कारच्या शर्यतीला घेऊन गेला. तिथे त्याला सांगण्यात आले, की काळ्यांना इथे परवानगी नाही. परतताना आपल्या डोळ्यांत पाणी होते, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. काही दिवसांनी तो हाय पॉइंट या गावी गेला. तिथले अधिकारी जरा उदार होते. ते म्हणाले, की तुझी गाडी चालेल, ती एखाद्या गोऱ्या पोराला चालवू दे.

गाडी चालेल, माणूस चालणार नाही! हे वाक्य मराठी माणसाला भाषांतर करून सांगावे लागू नये. आपल्याकडे पालवणकर बाळूने पुण्याला साहेबांच्या क्लबातली खेळपट्टी सांभाळता सांभाळता गोलंदाजी कमावली. मग हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी झाली, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरत होता, तेवढ्याला विटाळ नव्हता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. कप्तानपद त्याला कधी मिळाले नाही, हे खरे. पण त्याचे बळी निदान स्कोअरबुकात त्याच्याच नावावर पडले. स्कॉटचे तेवढेही नशीब नव्हते. ते पुढे येईलच.

नॅस्कारच्या दारातून आत जायला त्याला दोनएक वर्षे लागली. रिचमंडच्या मैदानावर माइक पोस्टन नावाचा एक गोरा कारभारी होता. त्याने स्कॉटला परवाना दिला. तुला फार धक्के खावे लागतील, अशी जाणीव देऊन दिला. आपण सोसू, असे स्कॉट म्हणाला. वरिष्ठांना ते फारसे रुचले नाही म्हणतात, पण दिलेला परवाना परत घेतला गेला नाही. पोस्टनचे नाव इतिहासात कोठे मोठ्या अक्षरांत नाही. मला मात्र अशा माणसांचे फार अप्रूप वाटते, जी एका कागदावर सही करतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. १९५९ साली स्कॉट आपल्या वर्गात व्हर्जिनिया प्रांताचा विजेता झाला आणि १९६१ च्या मार्चमध्ये स्पार्टनबर्ग येथे तो सर्वांत वरच्या वर्गात, 'ग्रँड नॅशनल'मध्ये उतरला. तेव्हा त्याचे वय चाळिशीला टेकले होते. माझ्याच वयाचा म्हणा ना!

वरच्या वर्गात मोटारींच्या कारखान्यांचे पाठबळ असलेले चालक होते. त्यांच्याकडे ताजी यंत्रे, नवे टायर आणि पगारी मिस्त्र्यांचा ताफा. स्कॉटकडे कोणी घेतलेली, वापरलेली, मग विकलेली गाडी असे. टायरही बहुधा दुसऱ्याने उतरवलेले. गाडीवर क्रमांक ३४. मिस्त्री तो स्वतः आणि हाताखाली त्याची मुले. शर्यत चालू असताना गाडी टायर बदलायला थांबली, की कित्येकदा हाच गडी आतून उडी मारून उतरे, पाना हाती घेई आणि काम आटोपून पुन्हा चाकामागे बसे.

आमच्या कोपऱ्यावर एक मिस्त्री आहेत. आमच्या गाडीचे पंक्चर काढीत होते, तेव्हा मी त्यांना ही हकीकत सांगितली. त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले आणि मान वर न करता विचारले, "मॅडम, मालक तोच, डायवर तोच, मिस्त्री पण तोच?"

"हो."

"टायर गोटा झालेले?"

"बहुतेक."

"मग तो पहिला यायलाच नाही पाहिजे. शेवटपर्यंत पोचला, हेच लई झालं."

माझ्या वाचनात आलेल्या सगळ्या जाणकारांचे मत थोड्या जास्त शब्दांत हेच आहे. गाडी मोडली तर पुढल्या रविवारी दुसरी नाही, म्हणून स्कॉटला ती सांभाळून हाकावी लागे. ज्याला धडक परवडत नाही, त्याला धाडसही बेताचेच परवडते. त्यात काही चालक त्याला मुद्दाम धडका देत. डार्लिंग्टनच्या प्रख्यात मैदानाने काही वर्षे त्याला प्रवेशच दिला नाही. जाता-येता वाटेतल्या खानावळीत बसून जेवावे, विश्रामगृहात रात्र काढावी, ही सोय तिकडच्या दक्षिणेत काळ्या कुटुंबाला नव्हती. मेरीबाईंविषयी चार ओळींपलीकडे कोणी लिहिलेले मला आढळले नाही. पण इतकी मुले, नवऱ्याचा हा जुगारासारखा धंदा, आणि दर आठवड्याला शेकडो मैल जाणारी ही वरात! तिच्या शिदोरीचा विचार माझ्या मनात आल्याखेरीज राहिला नाही. शर्यतींचे वृत्तांत लिहिणाऱ्यांना भूक लागत नसावी.

आता ती १९६३ ची शर्यत. ते वर्ष आठवा. जूनच्या १० तारखेला खुद्द डॅनव्हिलमध्ये समान हक्क मागणाऱ्या निदर्शकांना पोलिसांनी इतके झोडपले, की त्या सोमवाराला लोक अजून 'रक्तरंजित सोमवार' म्हणतात. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते भाषण झाले. सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मेल्या. २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडींचा खून झाला. आणि त्यानंतर नऊच दिवसांनी, १ डिसेंबरला, फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या मातीच्या गोल मैदानावर शर्यत होती. मैदानाचा घेर अर्धा मैल, फेऱ्या दोनशे. म्हणजे एकूण शंभर मैल. पुढे ज्याला शर्यतींचा राजा म्हणू लागले, तो रिचर्ड पेटी आघाडीवर होता. पण त्याची गाडी कुरकुरू लागली, आणि पंचवीस फेऱ्या उरल्या असताना स्कॉटने त्याला मागे टाकले.

त्याने दोनशे फेऱ्या पुऱ्या केल्या. चौकटीचे निशाण खाली आले नाही. त्याने आणखी एक फेरी मारली, आणखी एक मारली. मग निशाण पडले ते बक बेकर नावाच्या नाणावलेल्या गोऱ्या चालकासाठी. बेकरचा जयजयकार झाला. विजेत्याच्या जागी त्याचे फोटो निघाले. करंडक घेऊन तो निघूनही गेला. स्कॉटने तक्रार नोंदवली. त्या काळी फेऱ्यांची मोजदाद माणसेच कागदावर करीत. ते कागद तपासण्यात आले. दोन तासांनी, मैदान रिकामे झाल्यावर जाहीर झाले, की मोजणीत चूक झाली, वेंडेल स्कॉट पहिला आहे. आणि थोडाथोडका नव्हे, दोन फेऱ्यांनी पुढे आहे.

आमच्या चिरंजिवांचा प्रश्न असा : "पण आई, अर्ध्या मैलाच्या मैदानात दोन फेऱ्या पुढे असलेली गाडी दिसत नाही?"

मी वर्षानुवर्षे गुणांच्या बेरजा करणारी बाई आहे. बेरीज चुकते. रात्री अकरा वाजता, सत्तराव्या उत्तरपत्रिकेला, कोणाचीही चुकते. म्हणून मी प्रथम त्या मोजणी करणाऱ्यांची बाजू घेऊन पाहिली : धूळ असेल, गोंधळ असेल, गाड्या एकमेकींच्या पुढे-मागे असतील. पण सबंध शर्यतीत ज्याच्याकडे लक्ष ठेवायचे तो आघाडीचा गडी, आणि नेमका तोच मोजायचा राहिला? स्कॉटला स्वतःला चूक वगैरे काही मान्य नव्हते. विजेत्याला करंडक देताना एक सुंदर तरुणी त्याचे चुंबन घेई, अशी तिथली तेव्हाची चाल. ती तरुणी गोरी. हजारो गोऱ्या प्रेक्षकांसमोर तिने काळ्या माणसाचे चुंबन घेण्याचा प्रसंग ओढवू नये, म्हणून हा घोटाळा झाला, अशी त्याची खात्री होती. मला त्याचे म्हणणे पटते. निकाल दुरुस्त झाला, बक्षिसाची रक्कम हाती पडली. पण लोकांसमोर मिळायची गोष्ट लोक गेल्यावर मिळाली. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचे नाव सूचनाफलकावर लावायचे ते सुटी सुरू झाल्यावर लावावे, तसे हे झाले. करंडक तर मिळालाच नाही. पुढे एका शर्यतीच्या वेळी त्याच्या हाती लाकडाचा एक साधा ठोकळा ठेवण्यात आला. त्यावर नावाची पट्टीदेखील नव्हती, असे त्याच्या घरची माणसे सांगत.

कथालेखकाने इथेच गोष्ट संपवली असती. स्कॉट मात्र पुढल्या आठवड्याच्या तयारीला लागला, आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे शर्यती खेळत राहिला. १९६१ ते १९७३ या तेरा हंगामांत वरच्या वर्गाच्या ४९५ शर्यती. त्यांत पहिला नंबर एकच, तो वर सांगितलेला. पहिल्या पाचांत २० वेळा आणि पहिल्या दहांत १४७ वेळा. म्हणजे दर तीन-साडेतीन शर्यतींमागे एकदा तो पहिल्या दहांत होता, आणि तेही त्या गाड्यांनिशी. १९६६ साली वर्षाच्या एकूण गुणांत तो साऱ्या देशात सहावा आला. १९६७, १९६८ आणि १९६९ या सालीही पहिल्या दहांत राहिला. जॅक्सनव्हिलच्या त्या दोन तासांपेक्षा ही चार वर्षे मला मोठी वाटतात. अपमान झालेला माणूस एकदा उसळून उठतो, हे आपण कादंबऱ्यांतून पुष्कळ वाचतो. पण अपमानानंतरच्या सोमवारी दुकान उघडून तीच गाडी पुन्हा खोलायला बसणे आणि अशी शेकडो सोमवारे काढणे, यावर कोण कादंबरी लिहील? वाचील तरी कोण? १९७७ साली त्याच्यावर एक चित्रपट निघाला. रिचर्ड प्रायर हा गाजलेला विनोदी नट त्यात स्कॉट झाला होता. चित्रपटवाल्यांनी आपल्या सोयीप्रमाणे कथेला रंग चढवला होता, हे सांगायला नकोच. आपले चित्रपटवाले तरी दुसरे काय करतात?

शेवट टॅलाडेगाला झाला. अलाबामातले हे प्रचंड मैदान. इथे गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास पळतात. १९७३ च्या मेमध्ये स्कॉट कर्ज काढून घेतलेली, त्यातल्या त्यात बरी अशी मर्क्युरी गाडी घेऊन तिथे उतरला. शर्यत सुरू होऊन काहीच फेऱ्या झाल्या होत्या, तोच वीसेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्कॉटच्या बरगड्या मोडल्या, कमरेचे हाड मोडले, पायाला आणि गुडघ्यांना जबर इजा झाली. गाडीचा चुराडा झाला. कर्ज तेवढे शाबूत राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शार्लटला एक शर्यत तो खेळला आणि बारावा आला. बावन्न वर्षांचा, नुकतीच हाडे सांधलेला माणूस बारावा! मग मात्र त्याने निवृत्ती घेतली, आणि डॅनव्हिलला आपल्या दुकानात लोकांच्या मोटारी दुरुस्त करीत राहिला. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. बबा वॉलेसने २०२१ साली जी शर्यत जिंकली, ती याच टॅलाडेगाच्या मैदानावर.

मरणोत्तर सन्मान रांगेने आले. १९९७ साली डॅनव्हिलच्या एका रस्त्याला त्याचे नाव मिळाले. २०१३ साली गावात त्याच्या स्मरणार्थ ऐतिहासिक फलक लागला. २०१५ च्या जानेवारीत नॅस्कारने आपल्या सन्मानदालनात त्याला जागा दिली. २०१० साली जॅक्सनव्हिलच्या मंडळींनी घरच्यांना त्या करंडकाची एक प्रतिकृती दिली होती. पण ती गावकऱ्यांची भेट, संस्थेची नव्हे. संस्थेने स्वतःचा करंडक दिला तो २८ ऑगस्ट २०२१ रोजी, डेटोना येथे, शर्यतीपूर्वी, भरल्या मैदानात. दुसऱ्या दिवशी स्कॉटचा शंभरावा वाढदिवस पडत होता. करंडक घ्यायला त्याच्या घरची माणसे आली होती. त्यांत त्याचा मुलगा फ्रँक होता. बापाच्या गाडीला पाने उचलून देत वाढलेला. आता तो स्वतः म्हातारा झाला होता.